सहावं बोट

आमच्या आणि काकूंच्या आवारामध्ये कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे त्यांचा कढीपत्ता, अलीकडे माझी तगर. भिंतीचा माथा मधोमध गुळगुळीत झालाय. तिकडून तीस वर्षं आणि इकडून बारा वर्षं कोपरं टेकली की सिमेंटही मऊ पडतं. मिरजेतल्या आमच्या गल्लीत बातमी आधी या भिंतीवर येते. ती खरी की खोटी, ते मग सवडीने ठरतं.

रविवारी सकाळी साडेअकराला मी तगरीच्या कळ्या खुडत होते. काकूंनी लसणाची परडी भिंतीवर ठेवली आणि आवाज खाली आणला. काकूंचा आवाज खाली आला की समजायचं, ऐकण्यासारखं आहे.

"त्या टोपीवाल्याला काहीतरी झालंय गं."

समोरच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत तीन महिन्यांपूर्वी एक भाडेकरू आलाय. तिशीच्या आतला, काटक. डोक्यावर कायम चौकड्यांची टोपी, बुडाखाली जुनी निळी स्कूटर. घरमालक पुण्याला मुलाकडे राहतात. जाताना गल्लीत सगळ्यांना बजावून गेले होते, खोली एकट्या माणसाला दिलीय, एकट्यालाच.

"काय झालं?" मी विचारलं.

"सकाळी सहाला आला, तेव्हा मी फाटकाशी सडा घालत होते. म्हटलं, बाबा, एकटा राहतोस, जेवणाचे हाल होत असतील. ही घे वाटीभर शेंगदाण्याची चटणी. गोड हसला, वाटी घेऊन गेला. आणि आत्ता स्कूटर पुसत होता म्हणून विचारलं, चटणी तिखट नाही ना झाली? तर माझ्या तोंडाकडे बघत म्हणतो, कसली चटणी?"

"झोपेत असेल."

"झोपेत कोणी स्कूटर पुसतं का? आणि मुळात हा माणूस झोपतो केव्हा? रात्री नऊला येतो, पाच मिनिटांत परत जातो. पहाटे सहाला येतो. दुपारी बाराला पुन्हा जातो. मला विचारशील तर त्याला कोणीतरी झटके दिलेत. विजेचे. 'ज्वेल थीफ'मध्ये देव आनंदला देतात तसले."

मिरज जंक्शन असल्याचा परिणाम असेल, पण आमच्याकडे बोलता बोलता गाडी अशी दुसऱ्या रुळावर जाते आणि उतारूंना धक्कासुद्धा बसत नाही.

"ज्वेल थीफ मध्येच कुठून आला?"

"काल रात्री पाहिला ना! नातवाने आधी तो नवा लावला होता."

"२०२५चा," पडवीतून वर्तमानपत्रामागून काकांचा आवाज आला. "सैफ अली खान आणि जयदीप अहलावत."

"असेल. सगळी माणसं कशी आत्ताच इस्त्री करून आणल्यासारखी. पंधरा मिनिटं बघितला आणि म्हटलं, अरे, याच नावाचा आमचा एक होता, तो लाव. मी चौदा वर्षांची असताना कोल्हापूरला मामाबरोबर पाहिला होता. तेव्हा चार रात्री झोपले नव्हते. मधल्या काळात माझी अक्कल वाढली, आणि इथेच सगळी पंचाईत झाली बघ."

मग काकूंनी ती गोष्ट सांगितली. त्या सिनेमाची गोष्ट सांगतात तेव्हा ती पलीकडच्या गल्लीत घडल्यासारखी सांगतात.

"ते पोलीस कमिशनर आहेत ना, नझीर हुसेन, त्यांचा मुलगा विनय, म्हणजे देव आनंद. बाप चोर पकडतोय आणि पोराला नाद हिऱ्यामाणकांचा. सप्रूच्या पेढीवर नोकरीला लागतो. सप्रूची मुलगी तनुजा, ती याच्यावर भाळते."

"नूतनची बहीण," मी म्हटलं.

"'तेरे घर के सामने'ला नूतन होती, 'ज्वेल थीफ'ला तनुजा," काका म्हणाले. "हिरो तोच, दिग्दर्शक तोच, विजय आनंद. आधी १९६५ला 'गाईड', ६६ला 'तीसरी मंझिल', आणि ६७ला हा. ओळीने तीन."

"तुम्ही मध्ये बोलू नका हो. तर एका पार्टीत अशोक कुमार येतो, बरोबर वैजयंतीमाला, त्याची बहीण म्हणून. ती विनयला बघते आणि म्हणते, हाच माझा अमर, माझ्याशी लग्न ठरवून पळालेला. विनय म्हणतो, बाई, मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय. बाचाबाची होते. मग खूण निघते. अमरच्या पायाला सहा बोटं आहेत! भर पार्टीत बूट काढायला लावतात. बूट काढतो, मोजा काढतो, सगळे मान वाकवून मोजतात. पाच!"

काकूंनी लसणाच्या पाच पाकळ्या भिंतीवर मांडल्या.

"चौदाव्या वर्षी अंगावर सर्रकन काटा आला होता. काल हसू आलं."

"का?"

"अगं, जिचं लग्न ठरलंय तिला पायाची बोटं माहीत, आणि आवाज माहीत नाही? चालणं माहीत नाही? मी यांचा खोकला तीन गल्ल्यांपलीकडून ओळखते."

काका नेमके खोकले.

"बघ. बूट काढायला सांगावा लागला का?"

मी म्हटलं, "पण काकू, ती नाटकच करत असते ना? शेवटी तसंच निघतं."

"तेच तर! आता फोडायला हरकत नाही, १९६७ची गोष्ट आहे. विनयसारखा दिसणारा अमर मुळात नसतोच. ज्वेल थीफ असतो अशोक कुमार. त्याने आपलं पाप उचललं आणि या पोराच्या तोंडावर चिकटवलं. पोलिसांनी विनयच्या चेहऱ्याचा चोर शोधत बसावं आणि याने मागच्या मागे दागिने न्यावेत. ऐकायला झकास आहे. पण चेहरा चोरायचा तर कोणाचा? एवढ्या मोठ्या मुंबईत याला पोलीस कमिशनरचाच मुलगा सापडला? म्हणजे पोलीस चौकीसमोर हातभट्टी लावण्यासारखं झालं."

आता काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि त्यांची शेवटची दहा वर्षं तपासणी खात्यात गेली. दुसऱ्याचा हिशेब चुकतोय म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं.

"खर्चाची बाजू बघा," ते भिंतीशी येऊन म्हणाले. "हेलन, फरियाल, अंजू महेंद्रू, एवढ्या जणी विनयला अमर म्हणून गळ्यात पडतात. त्यांचे पगार. त्यांचे कपडे, तेही साधे नाहीत. हॉटेलं. गाड्या. सिक्कीमला मुक्काम. विजेचं यंत्र आणि ते चालवणारी माणसं, कारण झटके देऊन विनयला पटवायचंय की तू अमरच आहेस. आता उत्पन्नाची बाजू. चोरीचा हिरा बाजारभावाने कोणी घेत नाही. हा चोर वर्षअखेरीस तोट्यात असणार. मी तर कर्ज दिलं नसतं."

"म्हणजे सिनेमा वाईट?" मी विचारलं.

"छे!" दोघं एकदम म्हणाली. लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्याचं एकमत ऐकणं हा भिंतीवरचा दुर्मीळ योग.

"देव आनंदची ती टोपी," काकू म्हणाल्या. "मामाने परत येताना कोल्हापुरात तशी टोपी शोधली. मिळाली नाही, तर मफलर बांधून मान तशी तिरकी करत हिंडला महिनाभर. आणि शेवटाकडचा वैजयंतीमालेचा तो नाच. ढोल घुमतोय, ही गिरक्या घेतेय, आणि कॅमेरासुद्धा थांबायला तयार नाही, तिच्यामागे वळणावळणाने पळतोय. त्या नाचात जीव टांगणीला लागलेला असतो. त्या वेळी कोणी येऊन म्हणालं असतं की घराला आग लागलीय, तरी म्हटलं असतं, कडवं संपू दे."

"भरतनाट्यमची तयारी होती तिची," काका म्हणाले. "आणि आवाज लताबाईंचा. मधूनमधून भूपिंदर हाक मारतो. सचिनदेव बर्मन म्हणजे..." पुढचं त्यांनी हाताने सांगितलं.

"हीच त्या विजय आनंदची लबाडी," काकू म्हणाल्या. "मनात शंका उभी राहायला आणि गाणं सुरू व्हायला एकच गाठ. शंका बिचारी खाली बसते. मग घरी यायचं, जेवायचं, आणि अंथरुणावर पडल्यावर ती पुन्हा उठते."

काकांनी सांगितलं की हिचकॉकलाही ही अडचण ठाऊक होती. माणूस सिनेमा बघून घरी जातो, रात्री काहीतरी खायला फ्रीज उघडतो आणि तेव्हा त्याच्या डोक्यात येतं की अरे, हे असं कसं झालं? तोवर तिकिटाचे पैसे आलेले असतात, असा त्या माणसाचा रोखठोक व्यवहार.

"म्हणून!" काकूंनी भिंतीवर चापट मारली. "म्हणून मला तेव्हा शंका आली नाही. आमच्याकडे १९६७ला फ्रीज कुठे होता?"

मी 'पाठलाग'ची आठवण काढली. तोही चेहऱ्यांच्या घोळाचाच सिनेमा, आणि आपला मराठी.

"१९६४, राजा परांजपे. काशिनाथ घाणेकर आणि भावना," काका म्हणाले. "दोन वर्षांनी राज खोसलांनी हिंदीत 'मेरा साया' केला."

"त्याला मी नावं ठेवणार नाही," काकू म्हणाल्या. "तिथे सरळ जुळी बहीण निघते. जुळं म्हणजे देवाची करणी. देवाने केलं म्हटलं की लेखकाला जाब विचारता येत नाही. इथे लेखक म्हणतो, जुळा नाही, हमशकल नाही, कोणीच नाही. सगळं माणसाने रचलेलं आहे. मग बाबा, माणसाने रचलं तर आम्ही विचारणार, कसं रचलं? किती दिवस लागले? कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

मला हा मुद्दा फार आवडला. आणि त्यातच त्या सिनेमाची खरी हुशारीही आहे, असं मी म्हणून बघितलं. त्याच वर्षी 'राम और श्याम'मध्ये दोन दिलीप कुमार होते. खुद्द देव आनंदने १९६१ला 'हम दोनों'मध्ये दोन भूमिका केल्या होत्या. लोकांनी तिकीट काढतानाच ठरवलं असणार, हा दुसरा देव आनंद आता कधी येतो बघू. तो येतच नाही. सगळं थिएटर ज्याची वाट बघतंय तो माणूसच नाही, आणि चोर पहिल्यापासून समोर सोफ्यावर बसलाय.

"आणि तोही अशोक कुमार," काका म्हणाले. "१९४३च्या 'किस्मत'मध्ये चोर होता, पण कसा, लोकांनी डोक्यावर घेतला असा. पुढे सगळ्यांचा दादामुनी झाला. त्याच्यावर कोण संशय घेणार? विजय आनंदने गोष्टीतलं भोक अशोक कुमारच्या चेहऱ्याने बुजवलंय. पण बुजवल्यावर भोक गेलं असं होत नाही. पुन्हा बघितलं की पाय त्यातच जातो."

"मी सांगते भोक कुठे आहे," काकू परडी उचलत म्हणाल्या. "त्या सगळ्या सिनेमात एकही शेजारीण नाही. आठवून बघ. हॉटेल, पार्टी, पेढी, महाल. कोणाच्या घराला भिंत नाही, भिंतीला कोपर नाही. एक शेजारीण असती ना, तर दुसऱ्या रिळात म्हणाली असती, अहो, हा अमर-बिमर कोणी नाही. हा विनय. काल रात्री याच्या खोलीत दिवा होता, मी दूध तापवायला उठले तेव्हा बघितला. संपला सिनेमा."

"हे मात्र लेखकाने गंगटोकला नेऊन साधलं," काका म्हणाले. "सिक्कीम तेव्हा आपलं राज्य नव्हतं, ते १९७५ला झालं. लांबचा देश, डोंगर, राजवाडा. तिथे काहीही चालतं."

"आमच्या मामाला गंगटोक कुठे आलं तेही ठाऊक नव्हतं. लांबचं असलं की खरं वाटतं. हेच मिरजेत घडवून दाखवा म्हणावं."

बाराच्या ठोक्याला निळी स्कूटर भुर्रकन गेली. टोपी तेवढी दिसली. त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गेला," काकू म्हणाल्या. "वाटी माझी स्टीलची होती. नाव घातलेली."

मंगळवारी मी कपडे वाळत घालत असताना काकू पिशवी सांभाळत आल्या. चपलाही काढल्या नव्हत्या.

"रात्रभर मला ते तळ्यावरचं गाणं छळतंय."

"कोणतं?"

"वैजयंतीमाला रात्रीची एकटीच गाते, रडवेलं, स्वप्न मोडल्याचं. अख्ख्या सिनेमात तेवढं एक शैलेंद्रचं आहे म्हणे, बाकी मजरूहची. हे सांगत होते, सिनेमा लागायच्या आधीच शैलेंद्र गेला. तर मला सांग, ती जर अशोक कुमारच्या सांगण्यावरून सोंग करत होती, तर हे रडणं पण सोंग? विनयला ऐकू जावं म्हणून? अगं, ते गाणं मी माझ्या पडत्या काळात किती वेळा ऐकलंय. काल विचार आला, म्हणजे मी एका खोट्या रडण्यावर रडत होते का?"

पॉपकॉर्न खात पाहायच्या सिनेमाचं एवढं मनाला लावून घ्यावं, याचं मला हसू येईना. गोष्टीतलं भोक फक्त अकलेला बोचतं असं आपण म्हणतो, पण बरीच वर्षं उराशी धरलेली एखादी जागाही त्यातून गळून जाते. पाच बोटं, सहा बोटं, तोट्यातला चोर, हे सगळं हसण्यावारी नेता येतं. रडणं खोटं निघालं तर ते मात्र हसून सोडता येत नाही.

मी दोरीला चिमटा लावत म्हटलं, "काकू, तिचा छोटा भाऊ असतो ना? त्याला ओलीस ठेवलेलं असतं, म्हणून तर ती सोंग करते."

"हो की! आपला सचिन. केवढासा होता तेव्हा."

"मग ती त्याच्यासाठी रडत असेल. विनयला वाटतं, ही अमरसाठी रडतेय. आपल्यालाही वाटतं. रडणं खरं, कारण दुसरं."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पिशवीतून मेथीची एक काडी काढून तिची पानं उगाच खुडत राहिल्या.

"चालेल," शेवटी त्या म्हणाल्या. "हे लेखकाच्या डोक्यात होतं का नाही, देव जाणे. पण चालेल. लताबाई खोटं कशाला रडतील?" आणि लगेच आवाज खाली गेला. "बरं, ऐक. दहाच्या सुमाराला मंडईत तो टोपीवाला भेटला. निळी स्कूटर लावून वांगी घेत होता."

"दहाला?" माझा चिमटा हातातच राहिला. "शक्य नाही. दहाला मी हाच दोर बांधत होते. तो समोर खिडकीत होता. उघड्या अंगाने उभा, झडप ओढून घेत होता."

"मी वांगी बघितली."

"मी खिडकी बघितली."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पडवीत वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

"म्हणजे दोन आहेत?" काकू पुटपुटल्या.

"काय बाई तुम्ही," काका म्हणाले. "परवा एवढ्या मोठ्या विजय आनंदला भिंतीवर उभा करून झापलात, हमशकल पटत नाही म्हणून. आणि आता आपल्या गल्लीत हमशकल? तुम्ही टोपी बघितलीत. चौकड्यांच्या टोप्या मंडईत ढिगाने मिळतात."

"आणि स्कूटर?"

"निळ्या स्कूटरी मिरजेत मोजून दाखवू का?"

त्या हिशेबी आवाजापुढे आम्ही दोघी गप्प झालो. काकूंच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल, या निष्कर्षावर बैठक मोडली. गुरुवारी नेत्रतपासणीला जायचंही ठरलं.

गुरुवारी संध्याकाळी वळीव कोसळला. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गेला आणि गल्ली काळोखात बुडाली. डोळे तपासून झाले होते. नंबर आहे तोच निघाला होता, त्यामुळे काकू जरा घुश्शात होत्या. दिवे गेल्यावर घरात उकडतं म्हणून आम्ही नेहमीच्या जागी येऊन उभ्या राहिलो, बॅटऱ्या विझवून, कारण त्यावर पाखरं येतात.

नऊ वाजता निळी स्कूटर आली. एरवी ती बंगल्याला वळसा घालून मागच्या दाराशी जाते. आज मागे चिखल आणि मिट्ट अंधार, म्हणून फाटकातच थांबली. स्कूटरचा दिवा फाटकावर पडला होता.

फाटकाशी एक माणूस उभा होता.

स्कूटरवरचा उतरला. उभ्या असलेल्याने त्याच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, आपल्या डोक्यावर चढवली, खांद्याला डबा अडकवला, आणि स्कूटरवर बसून निघून गेला. दोघांत एक शब्द झाला नाही. पोस्टातला शिक्का एका हातातून दुसऱ्या हातात जावा, तितक्या सवयीने ती टोपी गेली.

काकूंच्या हातातली बॅटरी आपोआप लागली. प्रकाशात एक बोडका पोरगा उभा होता. टोपीशिवाय तो कोणीतरी वेगळाच दिसत होता. नाक अंमळ बसकं, कान मोठे, वय फार तर बावीस. इतके दिवस आम्ही ज्याला एक समजत होतो, त्या दोघांत म्हणण्यासारखं साम्य मला तरी दिसलं नाही.

पाचेक मिनिटांनी तो चिखल तुडवत भिंतीशी आला. हातात काकूंची वाटी होती, धुतलेली.

दोघे भाऊ. जत तालुक्यातले. थोरला दवाखान्यात रात्रपाळीला वॉर्डबॉय. धाकटा औषधांच्या दुकानात, दुपारी साडेबारा ते पावणेनऊ. दोघांना म्हणून खोली विचारली की भाडं वाढायचं, नाहीतर दार बंद व्हायचं. एकट्याला मिळाली. एकच खाट, तीही पुरते, कारण दोघं एकदम झोपतच नाहीत.

"आणि टोपी एकच?" काकांनी विचारलं. ते कधी येऊन उभे राहिले होते, कळलंच नाही.

"ती मुद्दाम," पोरगा खाली बघत म्हणाला. "टोपी दिसली की लोक चेहरा बघत नाहीत."

अंधारात माझे कान गरम झाले. साठेक वर्षांपूर्वी विजय आनंदने अख्ख्या देशाला घातली, तीच टोपी जतच्या दोन पोरांनी आम्हाला तीन महिने घातली होती. आणि आमच्याकडे तर ढोल नव्हते, वैजयंतीमाला नव्हती, गंगटोकही नव्हतं. भिंत होती, कोपरं होती, दोन दोन शेजारणी होत्या. मंगळवारी खरी गोष्ट आपल्या पायांनी चालत भिंतीवर आली होती, तर आम्ही तिलाच पटत नाही म्हणून परत पाठवलं आणि डोळे तपासून आलो.

काकूंना मात्र वेगळ्याच गोष्टीचा छडा लावायचा होता.

"रविवारी मी विचारलं तेव्हा कसली चटणी म्हणालास, तो तू?"

"हो. मला माहीतच नव्हतं. दादाने सगळी एकट्याने खाल्ली. मला सांगितलंच नाही. काल वाटी सापडली खाटेखाली." हे सांगताना त्याच्या आवाजात खोली जाण्याच्या भीतीपेक्षा चटणीचं दुःख जास्त होतं. मग तो एकदम म्हणाला, "काकू, पुण्याला सांगू नका. दिवाळीपर्यंत दुसरी जागा बघतो."

काकू काही बोलल्या नाहीत. वाटी घेऊन आत गेल्या. काका अंधारात हळूच म्हणाले, "पायाची बोटं मोजून घ्यायची का?" पोराला काही कळलं नाही. मी हसू दाबलं.

काकू बाहेर आल्या तेव्हा हातात दोन वाट्या होत्या. "ही तुझी. ही त्याची. त्याला म्हणावं, नावं घातलेली आहेत दोन्हींवर."

या भिंतीवर आलेली बातमी आजवर कधी परत आत गेलेली नाही. गल्लीत कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या पेन्शनचं घोडं अडलं, कोणाचा जावई न सांगता आला, सगळं इथून तासाभरात शेवटच्या घरापर्यंत पोहोचतं. ही तर तीन महिन्यांतली सगळ्यांत मोठी बातमी. शुक्रवार गेला. शनिवार गेला. काकू लसूण सोलत होत्या, मेथी निवडत होत्या, आणि वैजयंतीमालेच्या त्या नाचाच्या गाण्याची चाल गुणगुणत होत्या. मला उशिरा लक्षात आलं, ते गाणंही ओठांतलं गुपित ओठांतच ठेवण्याचं आहे.

रविवारी पुण्याहून घरमालकिणीचा फोन आला. काकू भिंतीशीच होत्या. त्यांनी फोन कानाला लावला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"हो हो, पाऊस झाला जोराचा. ट्रान्सफॉर्मर उडाला होता. तुमचा आंबा ठीक आहे. काय? भाडेकरू? नाही बाई, कसला त्रास नाही. फार सालस आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकूंनी समोर पाहिलं. चौकड्यांची टोपी स्कूटर पुसत होती. त्याने हात हलवला. आता दोघंही हात हलवतात.

"एकटाच ना? तसंच म्हणायचं," काकू म्हणाल्या. "मी रोज बघते ना. एका वेळी एकच दिसतो."